धुऱ्यावर थांबणारे मन्मथअप्पा

रानात कुणी असो नसो, मन्मथअप्पा धुऱ्यावर थांबायचे. धुरा म्हणजे दोन रानांच्या मधला गवताचा उंचवटा. पुण्याकडं त्याला बांध म्हणतात. अप्पा तिथं थांबायचे अन् मोठ्यानं विचारायचे, "येऊ का?" कुणी "या" म्हणलं की मगच पुढं पाय. कुणीच बोललं नाही तर डोक्यावर कडब्याचा भारा असला तरी वळून पायवाटेनं लांबचा फेरा मारून जायचे.

एकदा मी हरभऱ्यात आडवा पडून होतो. मुद्दाम बोललो नाही. बघावं म्हणलं म्हातारा काय करतो. अप्पांनी दोनदा विचारलं. माझा बैल जवळच बांधलेला होता, त्यानं माशी हाणायला मान हलवली. अप्पा त्याला म्हणाले, "तू हो म्हणलास, बरं का. उद्या धन्याला सांगायचं," अन् आत आले. मी हसत उठलो तर मलाच बोलले, "किसना, तुझ्यापरीस तुझा बैल माणसात हाय."

आता गावात लोक म्हणतात, अप्पाला येड लागलं होतं. जाताना सगळ्यांची रानं तुडवत गेला म्हणतात. म्हणून मी लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण जे बघितलं ते सरळ सांगता येतं. अप्पांना येड लागलं नव्हतं. आमच्या पेडगावात शहाणा माणूस एकच होता, अन् तो शहाणपणामुळंच फसला.

अप्पा लिंगायताचे. गावात त्यांचं किराणा दुकान अन् माझ्या रानाला लागून त्यांचं रान. अंगानं उंच, पंच्याहत्तरी झाली तरी पाठीत बाक नाही. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सकाळी ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा व्हायची, तोवर दुकान उघडायचं नाही. बाहेरून कुणी ओरडायचं, "अप्पा, साखर द्या लवकर, पाव्हणे बसलेत!" आतून आवाज यायचा, "पाव्हण्याला म्हणावं, देव आंघोळ करायलाय."

भांडण लागलं की लोक तलाठ्याकडं जायच्या आधी अप्पांकडं यायचे. अप्पा कधी कोण खरं, कोण खोटं हे आधी बघत नसत. "आधी धुरा कुठंय ते बघू," एवढंच. मग दोघांना रानात न्यायचे, एकाला ह्या बाजूला उभं करायचे, एकाला त्या बाजूला, अन् म्हणायचे, "आता बोला. पण पाय तितंच ठिवा." अर्धी भांडणं पाय हलवता येईनात म्हणून मिटायची.

दुकानात तेलाच्या पिंपावर भिंतीला टीव्ही होता. बातम्या अप्पांना फार. जगातली लढाई त्यांना गावातल्या भांडणासारखीच दिसायची. देशांची नावं जिभेला जड जायची म्हणून त्यांनी सगळ्यांना गट नंबर दिले होते. गल्ल्याच्या फळीवर तुरीची डाळ ओतून रेघा ओढायचे. "हा बारा नंबर, हा तेरा. मधी ही डाळ म्हणजे धुरा. बारावाला मातलाय, अन् तेरावाल्याची पोरं काड्या करायलीत." बातम्या संपल्या की डाळ उचलून परत पोत्यात. एक दाणा खाली राहू द्यायचे नाहीत. मीही देशांची नावं इथं लिहीत नाही. मला ती नीट लिहिता येत नाहीत, अन् चुकीचं लिहून कुणाच्या देशाचा अपमान कशाला करू.

आता धुऱ्याच्या आगीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडं चैत-वैशाखात धुरे पेटवतात. वाळलेलं गवत, काटे, हराळी जळून गेली की पेरणीला रान मोकळं होतं. अप्पांचा नेम असा, की शेजारी पलीकडं लिंबाचा हिरवा डहाळा घेऊन उभा राहिल्याबिगर काडी ओढायची नाही. इकडून विचारायचं, "हाईस का?" तिकडून आवाज आला पाहिजे, "हाव!" मग काडी. आग पलीकडं सरकली की त्यानं डहाळ्यानं झोडपायची. "आगीला धुरा दिसत न्हाई," अप्पा म्हणायचे. "भांडणालाबी दिसत न्हाई. माणसाला दिसतो, म्हणून माणूस उभा करायचा." अप्पांमुळं हा नेम आमच्या सगळ्या शिवारात पडला.

तो मोडला मी. चाळीस वर्षं होऊन गेली. माझ्या तोंडून हे कुणी ऐकलेलं नाही.

माझं अन् माझा चुलतभाऊ ज्ञानोबा याचं धुऱ्यावरून वैर होतं. खरं कुणाचं होतं ते आज सांगून उपयोग नाही, पण माझंच खरं होतं. ज्ञानोबानं त्याचे मेव्हणे बोलावले. ते लाठ्या घेऊन आले अन् सुंदराबाईच्या आखाड्यावर जाऊन बसले. आखाडा म्हणजे रानातलं छप्पर, जिथं बैलं बांधायची, कडबा रचायचा. सुंदराबाई विधवा, आमच्या दोघांच्या भांडणात तिचं काहीच नव्हतं. पण तिच्या आखाड्यावरून माझं रान स्वच्छ दिसायचं. तिथून ते मला शिव्या द्यायचे, ढेकळं फेकायचे. चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी दुपारी, वारा तिकडं होता, मी तिच्या बाजूचा धुरा पेटवला. त्यांना धुरानं हाकलायचं, एवढंच मनात होतं. पलीकडं डहाळा घेऊन कुणी उभं नव्हतं. मी कुणाला हाकही मारली नाही.

मेव्हणे पळाले. त्यांचं काही जळालं नाही. सुंदराबाईची कडब्याची गंजी जळाली, छप्पर जळालं, अन् छपरात बांधलेलं वासरू जळालं. त्या वासराचा आवाज मी लिहीत नाही.

संध्याकाळी अप्पा माझ्याकडं आले. धुऱ्यावर थांबले. "येऊ का?" मी बोललो नाही. ते तिथूनच बोलले.

"तिनं त्यांना बसा म्हणलं व्हतं का?"

"न्हाई. आपसूक बसले."

"मग तिचा काय गुन्हा?"

मी म्हणलो, "तिचा आखाडा तितं व्हता."

अप्पा म्हणाले, "सकाळी तुला एक वैरी व्हता, किसना. आता मोज." अन् वळून गेले.

मोजायला फार दिवस लागले नाहीत. सुंदराबाईनं पोलिसात नाव दिलं नाही, भरपाई मागितली नाही. तिनं तिच्या रानातून जाणारी गाडीवाट बंद केली. वाट तिच्या मालकीची, पण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही सगळे त्याच वाटेनं जायचो, मी, ज्ञानोबा, पलीकडचे पाच-सहा जण. तिनं वाटेवर बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, आडवे टाकले. तेव्हापासून आम्ही सगळे नाल्यातून जातो. पावसाळ्यात दोन महिने गाडी जातच नाही. ज्या पाच-सहा जणांचा त्या भांडणाशी संबंध नव्हता, तेही माझं नाव घेऊन नाल्यात उतरतात. ज्ञानोबा मेला, माझं त्याचं वैर त्याच्यासंगं गेलं. सुंदराबाईही गेली. फास अजून आहेत. दर साली तिचा नातू नवे टाकतो. त्या पोरानं मला आग लावताना बघितलेलंही नाही.

अप्पांनी त्या संध्याकाळनंतर हा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही. कधीच नाही. गावात दुसऱ्या कुणी काढला तर अप्पा डाळ पाखडायला घ्यायचे अन् विषय बदलायचे. मला वाईट वाटू नये म्हणून. एवढं त्यांचं शील. पण त्याच शीलानं पुढं घात केला.

अप्पांना उशिरा झालेला एकच मुलगा, महेश. परभणीला आयटीआय केलं, वेल्डर झाला. हाताला असं हुन्नर, की त्यानं जोडलेल्या लोखंडावर बोट फिरवलं तर जोड लागायचा नाही. हैदराबादच्या ठेकेदारानं त्याला परदेशात नेलं. पाण्याच्या मोठ्या पाइपा जोडायचं काम. बायको अन् लहान लेक इथं अप्पांकडं. रोज दुपारी अप्पांच्या दुकानात फोन वाजायचा, अप्पा तो तराजूला टेकवून उभा करायचे, अन् आम्ही दुकानात बसलेले सगळे महेशची खबर ऐकायचो. तो मलाही विचारायचा, "काका, कापूस काय म्हणायलाय?" मी म्हणायचो, "कापूस काय म्हणंल, तुझी वाट बघायलाय."

मग बारा नंबर अन् तेरा नंबरची लढाई लागली. महेश होता चौदा नंबरमध्ये, तेराला लागून. अप्पांनी डाळीची तिसरी रेघ ओढली. चौदामध्ये एक सुपारी ठेवली. ती सुपारी म्हणजे महेश, हे कुणी बोललं नाही, पण बातम्या संपल्यावर डाळ पोत्यात गेली तरी सुपारी अप्पा खिशात ठेवायचे.

फागुनातली एक दुपार. फोन आला. महेशच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागं धूळ.

"अप्पा, कंपनीची बस हाय शुक्रवारी. ज्याला घरी जायचं त्यानं जा म्हणायलेत. एकदा गेली की परत बस न्हाई. काय करू?"

"तुमच्या रानात काय हाय का?" तिथल्या देशाला अप्पा रानच म्हणायचे.

"न्हाई. इथं सगळं शांत हाय. दुकानं चालू हायत. लोक लय चांगले. पण तिकडं डोंगरात तेराचे काही लोक येऊन बसलेत म्हणं. तितून बारावर मारा करायलेत."

अप्पांनी विचारलं, "ह्या लोकांनी त्यांना बसा म्हणलं का?"

"न्हाई अप्पा. आपसूक बसलेत."

माझ्या हातातली तंबाखू हातातच राहिली. चाळीस वर्षांपूर्वीचं माझं बोलणं, महेशच्या तोंडात, सातासमुद्रापलीकडून. अप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता म्हणतील. माझ्या जिभेवरही आलं होतं, की अप्पा, पोराला बोलवा. डोंगरात बसलेल्यांचं काही जळणार नाही, जळंल ते बाईचं. पण दुकानात पाच माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी वासराचं नाव काढू? मी मान खाली घातली अन् तंबाखू मळत बसलो.

अप्पांनी माझी खाली गेलेली मान बघितली. लगेच नजर काढून घेतली, नेहमीसारखी. फोनकडं वळले.

"मग चौदाचा काय गुन्हा?" ते म्हणाले. "मोठमोठ्या राजांची भांडणं हायत ती. एवढी शिकलेली माणसं, विचारल्याबिगर दुसऱ्याचा धुरा ओलांडत न्हाईत. हातातलं काम अर्धं टाकून येऊ नको. हल नको."

"बरं अप्पा," महेश म्हणाला.

दुकानातल्या कुणीतरी मान डोलावली. खरं हाय, म्हणालं. शुक्रवार आला अन् गेला. बस गेली.

त्यानंतर पंधरवडाही झाला नसंल. सकाळी मी काडीपेटी आणायला गेलो तर दुकान उघडं, टीव्ही चालू, अन् अप्पा उभे. बाराच्या फौजा चौदात घुसल्या होत्या. टीव्हीवर बाराचा माणूस सांगत होता, की चौदाशी आमचं भांडण नाही, आम्ही फक्त डोंगरातल्या लोकांना हाकलायला आलो आहोत.

अप्पांनी फळीवर डाळ ओतली होती, पण रेघ ओढली नव्हती. नुसता ढीग.

"विचारलं का त्यांनी?" अप्पांनी मला विचारलं.

"काय अप्पा?"

"आत यायच्या आधी. कुणी विचारलं का?"

मी काडीपेटी न घेता घरी आलो.

महेशचे फोन येत राहिले, पण अवेळी, तुटक. पहिल्या फोनला म्हणाला, "आमी जोडलेल्या पाइपा फुटल्या, अप्पा. पाणी रस्त्यानं चाललंय. बाया रस्त्यावरून वाट्यांनी पाणी भरायल्यात." दुसऱ्या फोनला म्हणाला, विमानं बंद झाली. डोंगरातले लोक केव्हाच निघून गेले, आता डोंगराखालची गावं जळायलीत. काल ज्या दुकानदाराकडून पाव घेतला त्याच्या पोरानं आज बंदूक घेतली. "आमाला कालपर्यंत भाऊ म्हणायचे, अप्पा. आता विचारायलेत, तुमी कुणाचे?"

मग महेशच म्हणाला, "अन् अप्पा, तुमी थांब म्हणलात म्हणून मी थांबलो असं मनात घिऊ नका. मलाबी काम टाकून यायचं नव्हतंच."

बघा, हाही बापासारखाच. समोरच्याला लागू नये म्हणून खोटं बोलणारा.

शेवटचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. चित्र दिसत नव्हतं, नुसता आवाज. "गाड्या मिळाल्यात. पलीकडच्या देशात जायलोत. लाखभर लोक तिकडंच निघालेत. तितं गेलो की फोन करतो."

फोन बंद झाला. अप्पांनी खिशातली सुपारी काढून फळीवर ठेवली, चौदाच्या पलीकडं.

"पंधरा नंबर," ते म्हणाले. "आता तितंबी कुणीतरी आपसूक जाऊन बसंल, किसना."

अन् झालंही तसंच. जेठ संपायच्या आत टीव्हीवर पंधरा नंबरही जळताना दिसायला लागला.

त्या वैशाखात अप्पा रोज सकाळी पूजा झाली की दुकान सुनेवर टाकून शिवारात फिरायचे. प्रत्येक धुऱ्यावर थांबायचे. "येऊ का?" अन् आत आले की एवढंच म्हणायचे, "औंदा धुरा पेटवू नका." पहिल्या दिवशी लोक हसले. कुणी म्हणलं, "अप्पा, तिकडची आग इकडं यायलीय का?" अप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी परत त्याच धुऱ्यावर. शेवटी कुणीच पेटवला नाही. पाऊस पडला तसं धुऱ्यांवर गवत कमरेएवढं झालं, हराळी कापसात घुसली. साप निघायले. दोघांना पान लागलं, म्हणजे साप चावला. तरी कुणी अप्पांना बोललं नाही. त्यांच्याकडं बघून बोलायची हिंमतच व्हायची नाही.

महेशचा फोन नाही. दुपारी त्या वेळेला अप्पा फोन तराजूला टेकवून उभा करायचे. गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्या तराजूवर मापायचे. आम्ही हळूहळू त्या वेळेला दुकानात जायचं बंद केलं. खोटं कशाला लिहू, भ्या वाटायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. आमच्या दोघांच्या धुऱ्यावर एक लिंब आहे, त्याखाली अप्पा बसले होते. मी माझ्या रानात होतो. मी धुऱ्यावर गेलो, अन् आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "अप्पा, येऊ का?"

"ये," ते म्हणाले.

"त्या दिवशी फोनवर महेश म्हणला, आपसूक बसलेत. तवा मला सुंदराबाईचा आखाडा आठवला व्हता. मी बोलायला पायजे व्हतं. चार माणसांत लाज वाटली."

अप्पा लिंबाची काडी मोडत होते. म्हणाले, "मलाबी आठवला व्हता."

"मग?"

"तुझी मान खाली गेली. म्हणलं, ह्याला लागलं. चाळीस वर्षं तो विषय मनात आला की मी दार लावून घेत आलोय, किसना. सवय पडली. त्या दिवशीबी लावून घेतलं." काडी संपली. "तुझ्यापायी न्हाई. माझ्याच सवयीपायी. त्यातून मला वाटलं, किसना रागीट गडी, चौथी शिकलेला. ते राजे लोक हायत. त्ये कशाला तुझ्यावानी करतील?"

मी शिव्या खायला गेलो होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुमाराला एक फोन आला. महेशच्या संगं काम करणारा, तेलंगणाकडचा पोरगा. तो कसाबसा घरी पोचला होता. दखनीत बोलत होता, अन् थांबत थांबत.

"अप्पा, दो गाड्यां थे. मैं अगली में था, महेशभाई पिछली में. पुल तक पिछली गाडी दिखरी थी. पुल के बाद नै दिखी."

"देखने गए?" अप्पांनी विचारलं.

"कौन जाने देता, अप्पा."

"हौ," अप्पा म्हणाले. "अच्छा करा बेटा फोन करा. घर पे सब अच्छे?" त्या पोराच्या आईची, बहिणीची, सगळ्यांची विचारपूस करून मग फोन ठेवला. आत गंगावहिनी, अप्पांची घरधनीण, भाकरी थापत होती. तिच्या थापटीचा आवाज थांबला नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. थांबला असता तर खरं झालं असतं.

लिंगायतात माणसाला जाळत नाहीत, आडवंही ठेवत नाहीत. मातीत बसवतात, मांडी घालून, डाव्या हातावर त्याचं लिंग ठेवून, भस्म अन् बेलपान घालून. गावात जंगमस्वामी आले तेव्हा अप्पांनी त्यांना माझ्यादेखत विचारलं, "पेटीत आडवा आला, तर बसवता येतो का?"

स्वामी म्हणाले, "बघू की अप्पा. आधीच कशाला?"

"अन् आलाच न्हाई, तर काय बसवायचं?"

स्वामींनी अप्पांच्या कपाळाला भस्म लावलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी अप्पांच्या रानाच्या कोपऱ्यात, जिथं त्यांच्या बापाची समाधी आहे, तिथं चौकोनी खड्डा बघितला. हातभर खोल. कडा सरळ, दोरीनं मापून घेतलेल्या. हातभरच खोदून सोडून दिलेला. माती बाजूला, त्यावर कोवळं गवत उगवलेलं. कुणासाठी खोदला अन् कशासाठी थांबवला, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्या कोपऱ्याला पाठ करून काम करायचो.

संक्रांत तोंडावर आली होती. माझी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं दुधात. सकाळी मी माळ्यावर बसून पाखरं हाकत होतो. अप्पांच्या रानाकडून पांढरी टोपी येताना दिसली. खांद्याला कापडी पिशवी. आमचं रेल्वे स्टेशन माझ्या रानाच्या पलीकडं आहे, पण अप्पा आयुष्यभर पायवाटेनं, फेरा मारून स्टेशनाला गेलेले. मागाहून कळलं, हैदराबादला निघाले होते, ठेकेदाराच्या कचेरीत. सुनेला म्हणले होते, तितं न्हाई कळलं तर पुढं जाईन. पुढं म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं. अप्पा म्हणले, "जितवर जाऊ देतील तितवर." हैदराबादहून एक फोन आला, तेवढाच. पुन्हा नाही. दुकान सून चालवते. दुपारी फोन तराजूला टेकवलेला असतो, आता दोघांसाठी.

पण मी ती सकाळ सांगत होतो. अप्पा धुऱ्यापर्यंत आले. मी माळ्यावर उठून उभा राहिलो, "या" म्हणायच्या तयारीनं. ते लिंबाखाली आले अन् थांबलेच नाहीत. मान वळवली नाही, आवाज दिला नाही. कमरेएवढ्या गवतातून धुरा चढले, उतरले, अन् सरळ माझ्या ज्वारीत शिरले. ताटं कडाकड मोडायला लागली. दुधातली कणसं खाली. पाखरांचा थवा उठला. मला वरून त्यांचं अंग दिसत नव्हतं, नुसती पांढरी टोपी कणसांमधून सरळ रेघेत जाताना दिसत होती. एकदा अडखळली, परत वर आली.

मी गोफण खाली टाकली अन् जीव तोडून ओरडलो, "या अप्पा, या! या!"

त्यांनी विचारलंच नव्हतं.